घेणाऱ्याची निवड

२० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांचा लेख आला. दयाराम साहनींनी हडप्प्याला आणि राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला खणून काढलेल्या मुद्रा, भांडी आणि विटांच्या इमारती यांची छायाचित्रे त्यात होती. हे सगळे फार जुने आहे एवढे मार्शल सांगू शकत होते. नेमके किती जुने, हे सांगायला हाताशी काही नव्हते. मुद्रांवरची लिपी कोणाला वाचता येत नव्हती. तोवर ठाऊक असलेल्या कुठल्याही भारतीय राजवटीशी त्या वस्तूंचे नाते जुळत नव्हते, आणि कार्बन-१४ वरून वय काढण्याची पद्धत यायला अजून पंचवीस वर्षे होती. उत्तर आठवड्याभरात आले, तेही भलत्याच दिशेने. असीरियाविद्येचे जाणकार ए. एच. सेस यांनी संपादकांना कळवले की इराणात सूसा इथे फ्रेंचांना मिळालेल्या आद्य-एलामी वस्तूंशी या मुद्रांचे साम्य आहे. पाठोपाठ ब्रिटिश म्यूझियममधल्या गॅड आणि सिडनी स्मिथ यांनी सुमेरी वस्तूंशी तुलना मांडली. इराकात किश इथे अर्नेस्ट मॅके यांना तर सिंधू घडणीची एक मुद्राच सापडली होती. सिंधूकाठच्या शहरांचे वय असे इराण-इराकच्या मातीवरून ठरले आणि भारताचा इतिहास एकदम दोन-अडीच हजार वर्षे मागे गेला.

शाळेच्या पुस्तकात प्रत्येक प्राचीन संस्कृतीला एक नदी, एक नकाशा आणि एक धडा मिळतो. नाईलचा धडा संपला की तैग्रिस-युफ्रेटिसचा, मग सिंधूचा. परीक्षेपुरती ही सोय बरी आहे. पण त्या काळातला तांब्याचा व्यापारी, नावाडी किंवा दुभाष्या या धड्यांच्या सीमा मानत नव्हता. पुढच्या पानांचा विषय म्हणजे दोन धड्यांच्या मधली ही जागा.

संस्कृतींच्या परस्पर प्रभावावर लिहिणारे बहुधा दोन तंबूंत विभागलेले असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्राफ्टन इलियट स्मिथ या शरीररचनाशास्त्रज्ञाने जगातली संस्कृती मुळात इजिप्तमधून निघाली असा पक्ष हिरिरीने मांडला. सगळे आपल्याकडूनच बाहेर गेले असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचीही आपल्याकडे वाण नाही. भांडण जोराचे असले तरी दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली असते : देणाऱ्यावर. देणारा मोठा आणि घेणारा धाकटा, हे दोघांनीही धरून चाललेले. पुरावे पाहत गेलो तसे मला उलट वाटत गेले. या देवघेवीचा खरा इतिहास घेणाऱ्याच्या घरात घडतो. काय आत आणायचे, काय उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि आणलेल्याचे पुढे काय करायचे, हे तोच ठरवत आलेला आहे.

एकच चित्र घेऊ. मधोमध माणूस, दोन्ही अंगांना मागच्या पायांवर उभे ठाकलेले दोन हिंस्र पशू, आणि माणसाने दोघांना दोन हातांनी थोपवून धरलेले. माणसाने पशूंना असे आवरून धरल्याची चित्रे मेसोपोटेमियाच्या दंडगोल मुद्रांवर पुनःपुन्हा भेटतात. इजिप्तमध्ये ही मांडणी गेबेल अल-अराकच्या सुरीवर आहे. पाते गारेचे, मूठ पाणघोड्याच्या दाताची, काळ साधारण इ.स.पू. ३३००-३२००, पॅरिसच्या लूव्र म्यूझियमने ती १९१४ मध्ये विकत घेतली. मुठीवरचा माणूस दाढीवाला आहे, डोक्याला जाड कडेची टोपी आहे, कमरेखाली लांब वस्त्र आहे. हा थेट मेसोपोटेमियातल्या उरुकच्या राजाचा वेश. त्याच्या दोन बाजूंना सिंह. इजिप्तच्या कारागिराने परका पुरुष अंगावरच्या कपड्यांसकट जसाच्या तसा उतरवून घेतला. पुढे फॅरोंची सत्ता स्थिरावली तसा हा पाहुणा तिथल्या कलेतून दिसेनासा झाला.

मोहेंजोदडोच्या मुद्रांवरही हाच प्रसंग आहे, पण तिथे सिंह नाहीत; वाघ आहेत. अंगावरचे पट्टे इतके स्पष्ट कोरलेले की संशयाला जागा उरत नाही. सिंधू मुद्रांवर हत्ती, गेंडा, रेडा, मगर, वाघ हे सगळे येतात, सिंह मात्र येत नाही. मुद्राही गोल लाटण्यासारखी नाही, तर इथल्या रिवाजाप्रमाणे चौकोनी, वर सिंधू चिन्हांची ओळ असलेली. इंच-सव्वा इंचाच्या दगडावर काम करणाऱ्या त्या कारागिराने दूरच्या देशातली कल्पना ऐकली किंवा पाहिली असेल; पण तिच्यात पशू घातले ते त्याच्या गिऱ्हाइकाला रानात भेटणारे. इजिप्तने जसेच्या तसे घेतले आणि सोडून दिले, सिंधूकाठी बदलून घेतले. प्रभावाच्या बाणांनी भरलेल्या नकाशावर हे दोन्ही बाण सारखेच दिसतील, म्हणून अशा नकाशांवर माझा फारसा भरवसा नाही.

आता मण्यांकडे वळू, कारण या विषयातला सगळ्यात ठोस पुरावा मण्यांचा आहे. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात इराकात उर इथे उत्खनन केले. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, इ.स.पू. २६०० च्या पुढेमागे पुरलेल्या पुआबी या राणीच्या अंगावर सोने, निळा राजावर्त आणि लाल अकीक यांचे मणी ढिगाने होते. राजावर्त अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. त्या खाणींच्या वाटेवर, आमू दर्याच्या परिसरात, शोर्तुगाई इथे सिंधू लोकांची छोटी वसाहतच होती. लाल अकिकाचे लांब मणी आणि पांढरी नक्षी उमटवलेले मणी सिंधू कारागिरांच्या हातचे, त्यांचा दगड गुजरातचा.

भरूचजवळ रतनपूरचा अकीक मुळात पिवळट-तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून मडक्यात घालून भाजला की आतल्या लोहामुळे लाल होतो. मग ठोकून आकार द्यायचा, घासायचा आणि शेवटी भोक पाडायचे. खरी कसोटी भोक पाडण्याची. अकीक इतका कठीण की तांब्याच्या सळईचे त्यावर काही चालत नाही. सिंधू कारागीर त्याहून चिवट अशा एका खास दगडाची बारीक गिरमिटे करत, धनुकलीने ती फिरवत आणि मण्याच्या दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यावर गाठ घालत. जोनाथन मार्क केनॉयर यांनी खंभातच्या अकीककारांबरोबर प्रयोग करून पाहिले, तेव्हा असे गिरमीट तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरकते असे दिसले. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एका मण्यासाठी नुसत्या भोकाचेच चाळीस तास, आणि शेवटच्या तासाला मणी तडकला तर सगळे मुसळ केरात. उरच्या राणीला त्या मण्याचे मोल कशामुळे वाटत असेल हे यावरून कळते.

सुमेरने मणी घेतले. अक्कडचा राजा सारगॉन तर आपल्या धक्क्याला मेलुहा, मगन आणि दिल्मुनची जहाजे लागतात असे शिलालेखात अभिमानाने नोंदवतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, मगन म्हणजे ओमानच्या बाजूचा तांब्याचा मुलूख आणि दिल्मुन म्हणजे बहारीन व आसपासचा किनारा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पण याच व्यापाराची दुसरी बाजू बहारीनमध्ये दिसते. १९५३ नंतर तिथे डॅनिश पथकाने उत्खनन केले, तेव्हा ग्लोब आणि जेफ्री बिबी यांना दगडाची घोटीव घनाकार वजने मिळाली. ती हडप्प्याच्या मापाची निघाली : एकक साधारण साडेतेरा ग्रॅमचे, आणि मग दुप्पट, चौपट. मेसोपोटेमिया बहारीनला कितीतरी जवळचा, गिऱ्हाईक म्हणूनही मोठा. तरी दिल्मुनच्या व्यापाऱ्याने तराजूत सिंधूची वजने टाकली. उरच्या पाट्यांवर दिल्मुनच्या मापातले तांबे उरच्या मापात बदलून लिहिल्याचे हिशेब आहेत. राजे शिलालेख कोरून घेतात आणि व्यापारी वजने निवडतात. मला दुसरा पुरावा जास्त बोलका वाटतो, कारण वजन निवडताना कोणी बढाई मारत नाही.

न घेतलेल्या गोष्टीही मोजल्या पाहिजेत. मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या म्हणवणाऱ्या शू-इलिशू याची मुद्रा लूव्रमध्ये आहे. इ.स.पू. २१०० ते २००० च्या दरम्यानच्या पाट्यांत लगशच्या मुलखात मेलुहावाल्यांचे एक गाव येते. त्या गावातून सरकारजमा होणाऱ्या जवाची नोंद आहे, आणि मेलुहाचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांची नावे मात्र सुमेरी आहेत. ज्यांची माणसे मेसोपोटेमियात घर करून राहिली, त्यांनी मातीच्या पाटीवर कीलाक्षरे उमटताना पाहिली नसतील हे शक्य नाही. तरीही सिंधूच्या कुठल्याही शहरात कीलाक्षरी पाट्यांचे दफ्तर नाही. त्यांनी आपली लिपी ठेवली, आपली चौकोनी मुद्रा ठेवली. हा अडाणीपणा नव्हे, नकार आहे. आणि नकार हा निवडीचाच भाग असतो.

देवघेव हा गोड शब्द वापरताना एक सावधगिरी हवी. सगळेच काही बाजारातून आले नाही. इ.स.पू. बाराव्या शतकात एलामचा राजा शुत्रुक-नहुंते याने बाबिलोनियावर स्वारी केली आणि हम्मुराबीच्या कायद्यांची शिला व नराम-सिनचा विजयस्तंभ सूसाला उचलून नेला. विजयस्तंभावर त्याने स्वतःचा लेखही कोरला. दोन्ही वस्तू फ्रेंचांना सूसालाच सापडल्या, म्हणून बाबिलोनचा सर्वांत प्रसिद्ध कायदा आपल्याला इराणात मिळाला. पुढे इराणचा सम्राट दार्यवहू याने सूसाचा राजवाडा बांधला तेव्हा आयोनियाचे पाथरवट, बाबिलोनचे वीटकाम करणारे, इजिप्तचे सोनार आणि इथिओपिया, सिंध व अराकोशियाचे हस्तिदंत आले. त्याच्या लेखात ही यादी आहे. साम्राज्याच्या आज्ञेने आलेल्या त्या कारागिरांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. इथेही घेणाराच ठरवतो, फक्त हातात तलवार घेऊन.

वर्णमालेची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. सिनाईच्या वाळवंटात सेराबित अल-खादिम इथे इजिप्तच्या फिरोजाच्या खाणी होत्या. फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ मध्ये तिथे काही वेडीवाकडी चिन्हे मिळाली. अॅलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये त्यांतला एक चिन्हसमूह वाचला, तो एका सेमिटिक देवीचा उल्लेख निघाला. खाणीवर आलेल्या कनानी माणसांनी इजिप्तच्या शेकडो चित्राक्षरांतली मोजकी उचलली आणि प्रत्येकाला आपल्या भाषेतल्या एका ध्वनीचे काम दिले. इजिप्तच्या लेखनिकांना हे हजार वर्षांत का सुचले नाही? सुचण्याची गरजच नव्हती. त्यांची लिपी त्यांच्या पोटापाण्याची होती, ती अवघड असण्यातच त्यांचा मान होता. लिपी सोपी केली ती दरबाराबाहेरच्या माणसांनी. पुढे फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांनी बावीस अक्षरे घेतली, आणि ज्या व्यंजनांचे ध्वनी ग्रीकमध्ये नव्हते त्यांच्या चिन्हांवर स्वरांची कामगिरी सोपवली. फिनिशियन माणसाला हा अक्षरांचा गैरवापरच वाटला असता.

इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या राजांच्या पत्रव्यवहारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहावा असा मजकूर आहे, इथे थोडक्यात. इजिप्तमध्ये अमार्ना इथे १८८७ मध्ये सापडलेल्या साडेतीनशेहून अधिक पाट्यांत बाबिलोन, मितन्नी, हित्ती साम्राज्य आणि सायप्रसचे राजे फॅरोला भाऊ म्हणून पत्रे लिहितात, तीही बहुतांशी अक्कडी भाषेत. इजिप्तच्या किंवा स्वतःच्या भाषेत नव्हे. बाबिलोनचा बुर्नाबुरियाश तक्रार करतो की पाठवलेले सोने भट्टीत घातले तर वजन पुरे भरले नाही. भावांचे नाते आणि सोन्याची पारख एकाच पत्रात. याच दफ्तरात अदापाच्या मेसोपोटेमियन पुराणकथेची एक अक्कडी प्रत आहे. शिकाऊ इजिप्शियन लेखनिकाला शब्द कुठे संपतो ते कळावे म्हणून तीवर लाल शाईचे ठिपके दिलेले आहेत. परकी भाषा शिकताना माणूस कुठे अडतो हे ते ठिपके पाहून आजही कळते. त्याच काळाच्या आसपास बुडालेले एक जहाज १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या उलुबुरुन किनाऱ्याजवळ पाणबुड्याला दिसले. त्यात दहा टन तांबे आणि एक टन कथील होते, म्हणजे काशाला लागते त्याच प्रमाणात. शिवाय काच, हस्तिदंत, आबनूस, राळ आणि नेफरतितीच्या नावाचा सोन्याचा स्कॅरब. जहाज नेमके कोणाचे यावर विद्वान भांडतात. माल मात्र सगळ्यांचाच होता.

मराठी वाचकाला या देवघेवीचा सांधा पाहायचा असेल तर घरातले पंचांग उघडावे. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, मेष-वृषभादी राशी नाहीत. क्रांतिवृत्ताचे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग पाडण्याची युक्ती बाबिलोनची, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमाराची. ग्रीकांनी ती घेतली, ग्रीक अमलाखालच्या इजिप्तमध्ये तिच्यातून जन्मकुंडलीचे शास्त्र उभे राहिले आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते भारतात आले. आपल्याकडे सत्तावीस नक्षत्रांची चौकट आधीपासून होती. बाराने सत्तावीसला भागले तर बाकी उरते. नवी विद्या हवी, पण जुनी मोडायची नाही, असा पेच. तो सोडवला चरणांनी : प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, एकूण एकशे आठ, प्रत्येक राशीला नऊ. म्हणून अश्विनी, भरणी आणि कृत्तिकेचा पहिला चरण मिळून मेष. कृत्तिकेचे उरलेले तीन, रोहिणी आणि मृगाचे पहिले दोन मिळून वृषभ. जन्माच्या वेळी गुरुजी चरण विचारतात तेव्हा दोन संस्कृतींच्या आकाशांतला हा जोड कामाला येतो. वराहमिहिराला यात काही कमीपणा वाटला नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजले आहे म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, अशा अर्थाचे वचन तो बृहत्संहितेत देतो. राशी मूळच्या कोणाच्या, या प्रश्नाची मराठीत बारकाईने छाननी शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ साली निघालेल्या ग्रंथात केली. त्यांची काही अनुमाने आज मान्य होणार नाहीत, पण पुरावा आधी आणि अभिमान मागून हा त्यांचा शिरस्ता आज लिहिणाऱ्यांनी गिरवावा असा आहे.

महाराष्ट्र या गोष्टीत येतो तो मुख्यतः सातवाहनांच्या काळात. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातले ग्रीक नाविकाचे टिपण सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे देते, आणि पैठण व तेरहून माल गाड्यांत भरून भरूचला जातो असे सांगते. तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, दोरा ओवता येईल अशा. रोमच्या सम्राटाचा मुखवटा आपल्याकडे असा गळ्यातला दागिना झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब उभे आहेत, दात्यांची नावे सिंहध्वज, धर्म अशी. दुसऱ्या टोकाला, इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात इसिसच्या देवळापुढे २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. दगड इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा, घडवली बहुधा अलेक्झांड्रियात, मस्तकामागे सूर्यकिरणांचे प्रभामंडळ. त्याच देवळात इसवी सन २४८ चा संस्कृत लेखही मिळाला. ती मूर्ती भारतीय म्हणावी की भूमध्यसागरी, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

वाचकांसाठी दोन सूचना. मेसोपोटेमियाची साले मी मध्यम कालगणनेप्रमाणे दिली आहेत, म्हणजे हम्मुराबीचे राज्य इ.स.पू. १७९२ ते १७५०. दुसऱ्या पुस्तकात तीच घटना काही दशके अलीकडे-पलीकडे दिसली तर तो मुद्रणदोष समजू नये. आणि ‘प्रभाव’ हा शब्द मी शक्यतो टाळला आहे. पुढे प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत : वस्तू पोहोचली का, ती बनवण्याचे तंत्र पोहोचले का, आणि तिच्यामागची कल्पना स्वीकारली गेली का. तिन्हींची उत्तरे एकच निघाली अशी उदाहरणे फार थोडी आहेत. ती पहिल्या भागात घेतली आहेत, बाकीची त्यानंतर.